डेडहॅमची नदीकाठची फेरी: आधी पाणी बघा

इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातल्या डेडहॅम गावातून निघून स्टाउर नदीकाठानं फ्लॅटफर्डची जुनी गिरणी गाठायची आणि दुसऱ्या वाटेनं परतायचं, ही फेरी मला फार प्रिय आहे. ही गिरणी चित्रकार जॉन कॉन्स्टेबलच्या वडिलांची.

निघण्याआधी सरकारी संकेतस्थळावर नदीची पातळी बघाच. वाट सखल कुरणांतून जाते. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी गवताखाली पाणी असतं, आणि फाटकापाशी गुरांच्या खुरांनी तुडवलेला चिखल बूट ओढून घेतो. हिवाळ्यात घोट्याच्या वर येणारे गमबूटच घाला. डिसेंबरात चारच्या आधी सूर्य मावळतो, म्हणून सकाळीच निघा.

गुरं वाटेत बसली असतील तर लांबून वळसा घाला. वासरू आणि गाय यांच्या मधून कधीच जाऊ नका. सोबत कुत्रा असेल आणि गुरं अंगावर आली, तर त्याचा पट्टा सोडून द्या, तो पळून वाचतो. फाटक जसं उघडं किंवा बंद सापडलं तसंच ठेवा.

खांबावरचा पिवळा बाण म्हणजे पायवाट, निळा म्हणजे घोड्यांनाही मुभा. मोबाइलच्या भरवशावर राहू नका, ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेचा एक्सप्लोरर १९६ नकाशा खिशात असू द्या.