हर्मिट क्रॅबची टाकी: वाळू किती, ओलावा किती आणि हात कुठे लावायचा नाही

न्यू जर्सी किंवा फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरच्या दुकानांत उन्हाळ्यात तारेच्या छोट्या पिंजऱ्यांतून हर्मिट क्रॅब, म्हणजे रिकाम्या शंखात राहणारे खेकडे, विकायला ठेवतात. शंखावर रंगवलेलं कार्टून, आत स्पंजचा तुकडा, मूठभर रंगीत खडे आणि गोळ्यांच्या खाद्याची डबी. मुलं हट्ट धरतात, किंमतही फार नसते, आणि पाहुणा शंखासकट घरी येतो. पिंजऱ्यासोबत मिळालेल्या या सामानातलं जवळजवळ काहीच त्याच्या कामाचं नसतं.

हा खेकडा जमिनीवर राहतो, पण श्वास कल्ल्यांनी घेतो. कल्ले ओले राहिले तरच हवेतला प्राणवायू आत जातो. तारेच्या पिंजऱ्यातल्या कोरड्या हवेत तो एका दिवसात मरत नाही, आठवडे-महिने घुसमटत राहतो. "दोन-तीन महिनेच जगतात हो हे" असं लोक म्हणतात ते या घुसमटीमुळे. नीट ठेवला तर हा प्राणी दहा-वीस वर्षं सहज काढतो, तीसच्या पुढेही जातो.

अमेरिकेत बहुतेक दुकानांत मिळतो तो कॅरिबियन बेटांवरचा, डावी नांगी जांभळी आणि मोठी असलेला कोएनोबिटा क्लिपिएटस. पुढची मापं त्याच्यासाठी आहेत. याची पिल्लं समुद्राच्या पाण्यात वाढतात, म्हणून घरगुती पैदास फार अवघड असते आणि विकले जाणारे जवळजवळ सगळे खेकडे निसर्गातून पकडलेले असतात. त्यामुळे नवा विकत घेण्याऐवजी ज्यांना सांभाळणं झेपलं नाही त्यांच्याकडून घेतलेला बरा. एकटा ठेवू नका. हे कळपाने राहतात, निदान दोन-तीन हवेत. कोकणात खडकांतल्या डबक्यांत शंख पाठीवर घेऊन पळणारे इवलेसे खेकडे दिसतात, ते समुद्री जातीचे. ते वाळूच्या टाकीत जगणार नाहीत, तिथेच राहू द्या.

टाकी आणि वाळू

काचेची, झाकणाची टाकी घ्या. दोन-तीन लहान खेकड्यांना 10 गॅलनमध्ये जेमतेम भागतं, पण सुरुवातच 29 गॅलनने केली तर वर्षभरात पुन्हा खर्च होत नाही. तिचा तळ साधारण 76 बाय 30 सेंटिमीटर, उंची 46. जाळीच्या झाकणातून ओलावा उडून जातो, म्हणून जाळीऐवजी काच किंवा अ‍ॅक्रिलिकचा पत्रा बसवा आणि बोटभर फट ठेवा. फट बोटभरच, हे चढण्यात पटाईत असतात आणि झाकण ढकलतातही.

आता वाळू, कारण निम्मी चूक इथेच होते. हार्डवेअरच्या दुकानातली मुलांच्या खेळाची धुतलेली वाळू पाच भाग आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, एक भाग. पाळीव प्राण्यांच्या दुकानातली कॅल्शियमची वाळू नको, ओली झाली की सिमेंटसारखी धरते. नुसते खडेही नकोत, त्यात बीळ टिकत नाही. थर कमीत कमी 15 सेंटिमीटर, किंवा सर्वांत मोठ्या खेकड्याच्या उंचीच्या तिप्पट, यांपैकी जे जास्त असेल ते. 29 गॅलनच्या टाकीत 15 सेंटिमीटर थराला 50 पौंडांच्या दोन पिशव्या लागतात. वजन बरंच होतं, तेव्हा टाकी भरण्याआधीच तिच्या कायमच्या मजबूत टेबलावर ठेवा.

भिजवायला खारं पाणी (कसं करायचं ते पुढे 'पाणी' या भागात) वापरलं तर बुरशी कमी धरते. मूठभर मिश्रण दाबलं की लाडू वळला पाहिजे आणि बोटांतून पाणी ठिबकता कामा नये. लाडू फुटला तर पाणी कमी, ठिबकलं तर कोरडी वाळू घाला. तळाशी पाणी साचलं की तिथे कुजकट वास येतो, आणि कात टाकायला गाडून घेतलेला खेकडा त्यातच बसलेला असतो.

ऊब आणि ओलावा

तापमान 24 ते 29 अंश सेल्सियस, म्हणजे अमेरिकेतल्या थर्मामीटरवर 75 ते 85 फॅरेनहाइट. आर्द्रता 75 ते 85 टक्के. हीटिंग मॅट टाकीच्या मागच्या काचेला बाहेरून, वाळूच्या पातळीच्या वर चिकटवा आणि थर्मोस्टॅटला जोडा. मॅटसोबतच्या कागदावर ती टाकीखाली लावायला सांगितलेलं असतं, ते इथे ऐकू नका. खालून तापवलं की तळाची वाळू वाळते आणि खाली पुरून बसलेला खेकडा भाजून निघतो. मॅटवर बाहेरून फोमचा किंवा जाड पुठ्ठ्याचा थर लावला की ऊब खोलीत न जाता आत राहते. डोक्यावर तापणारा दिवा नको, तो ओलावा ओढून घेतो. दिवस-रात्र कळायला साधा एलईडी बारा तास पुरे.

आर्द्रता मोजायला डिजिटल हायग्रोमीटर घ्या, काट्याचे बरेचदा चुकीचं दाखवतात. डिजिटलसुद्धा आधी तपासा: बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ पाण्याने दमट करा, ते आणि हायग्रोमीटर घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत आठ-दहा तास ठेवा. आकडा 75 यायला हवा. 70 आला तर पुढे प्रत्येक वेळी पाच मिळवून वाचा.

हिवाळ्यात घरातलं हीटिंग सुरू झालं की हवा पापडासारखी कोरडी होते. ऑगस्टमध्ये नीट चाललेली टाकी डिसेंबरात 60 टक्क्यांवर येते ती यामुळे. तेव्हा फट कमी करा, ओलं शेवाळ ठेवा, पाण्याची भांडी मोठी करा. सारखं फवारत बसू नका. फवारलेलं पाणी खाली उतरतं आणि तळाशी साचतं.

पाणी

दोन भांडी: एक गोडं, एक खारं. खेकडा अख्खा बुडेल इतकी खोल, पण बाहेर यायला आत दगड किंवा प्लॅस्टिकची जाळी हवीच. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन कल्ले भाजतं. अमेरिकेत बऱ्याच शहरांत क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, वापरतात. ते पाणी रात्रभर उघडं ठेवून जात नाही, त्याचा असर घालवणारं मत्स्यालयाचं वॉटर कंडिशनर घालावंच लागतं. खाऱ्या पाण्यासाठी मत्स्यालयाचं सागरी मीठ, लिटरला सुमारे 35 ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या आयोडीनयुक्त मिठात समुद्राची बाकीची खनिजं नसतात, तेव्हा ते चालणार नाही. पाणी दोन-तीन दिवसांनी बदला. सोबत आलेला स्पंज फेकून द्या, त्यात जंतूच वाढतात.

शंख

दर खेकड्यामागे तीन ते पाच रिकामे शंख ठेवा. या जातीला गोल तोंडाचे टर्बो शंख आवडतात. मोठी नांगी मोजा आणि शंखाचं तोंड तिच्याइतकं किंवा किंचित मोठं निवडा. नवे शंख पाच मिनिटं उकळून, थंड करून ठेवा. रंगवलेले शंख नकोत, रंगाचे पापुद्रे सुटतात आणि खेकडा ते खातो. आधीच रंगीत शंखात बसलेल्याला मात्र ओढून काढू नका. तो शंख सोडत नाही, अंगाचे दोन तुकडे होतात. चांगले साधे शंख समोर असले की एखाद्या रात्री तो आपण होऊन बदलतो.

खाणं

मराठी स्वयंपाकघरात यांचं निम्मं जेवण असतंच. बिनमिठाचा सुका जवळा, उकडलेलं अंडं, ओलं खोबरं, आंबा, केळं, गाजर, लाल भोपळा, पालक, झेंडूच्या फवारणी न केलेल्या पाकळ्या. मीठ, तेल, तिखट काही नाही. कॅल्शियमसाठी अंड्याची टरफलं कुटून, किंवा माकुळाचं हाड, म्हणजे आपलं समुद्रफेन. ते पक्ष्यांच्या खाद्याच्या विभागात मिळतं. डबीतल्या गोळ्यांवर कॉपर सल्फेट किंवा इथॉक्सिक्विन लिहिलेलं असेल तर घेऊ नका. हे रात्री जेवतात: संध्याकाळी चमचाभर ठेवा, सकाळी उरलेलं काढा. देवदार आणि पाइनचं लाकूड टाकीत नको.

कात

नवशिक्यांच्या हातून खेकडे मरतात ते बहुधा इथे. वाढ व्हायची तर खेकड्याला कवच टाकावं लागतं, आणि त्यासाठी तो वाळूत उतरून स्वतःपुरती गुहा करतो. आधी लक्षणं दिसतात: रंग राखाडी, डोळे गढूळ, पाणी पिणं वाढलेलं, सारखी उकराउकर. तुटलेल्या पायाच्या जागी पारदर्शक, जेलीसारखा कोंब दिसला तर नवा पाय येतो आहे. मग एके दिवशी तो दिसेनासा होतो. अंगठ्याएवढा खेकडा चार ते आठ आठवडे खाली राहतो, मोठा कित्येक महिने.

या काळात उकरायचं नाही. एकदाही नाही. गुहा ढासळली की मऊ अंगावर वाळू पडते आणि तो मरतो. वर येण्याआधी तो टाकलेलं कवच खातो, त्यातलंच कॅल्शियम नव्या कवचाला लागतं. वर राहिलेले बाकीचे भुकेले असतील तर मऊ खेकड्याला हुडकून खातात, म्हणून जवळा आणि अंडं कमी पडू देऊ नका.

वाळू उथळ किंवा कोरडी असली तर तो पृष्ठभागावरच कात टाकतो. अशा वेळी हलवू नका. दोन लिटरच्या बाटलीची दोन्ही टोकं कापून नळकांडं करा, त्याच्याभोवती वाळूत रोवा आणि वर अंधार करा. शेजारी पडलेलं कवच त्याच्याजवळच राहू द्या.

मेला की कात टाकली, हे कसं ओळखायचं? टाकलेलं कवच पोकळ आणि हलकं असतं. मेलेला शंखातून लोंबतो आणि एक-दोन दिवसांत सडलेल्या मासळीचा वास येतो. वास नसेल तर थांबा. आणल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, सगळं नीट करूनही, एखादा पाय गाळतो किंवा दगावतो. पकडल्यापासून दुकानापर्यंतच्या हालांचा तो परिणाम असतो.

नांगीने बोट धरलं तर ओढू नका, जितकं ओढाल तितकं तो घट्ट धरेल. हात टेबलाला टेकवा, पायाखाली काही आलं की बहुधा सोडतो. तळहात ताणून सपाट धरला तर चिमटीत कातडी सापडतच नाही.

भारतात तीन-चार आठवडे जायचं असेल तर शेजाऱ्यांना खूप सूचना देऊ नका. दर तीन दिवसांनी दोन्ही पाणी बदलायचं, चिमूटभर सुकं खाणं ठेवायचं, हायग्रोमीटरचा फोटो पाठवायचा. कंडिशनर घातलेलं गोडं पाणी आणि कालवलेलं खारं पाणी वेगवेगळ्या रंगांच्या झाकणांच्या बाटल्यांत भरून, वर मराठीत नव्हे, इंग्रजीत नाव लिहून ठेवा. आणि टाकीवर ठळक चिठ्ठी लावा: खेकडा दिसला नाही तरी वाळू उकरू नका.