श्वासनळीच्या पेशी हवेवर कशा वाढवायच्या (पहिल्यांदाच करताय त्यांच्यासाठी)

लॅबमध्ये नवीन आलेलं प्रत्येक जण विचारतं की व्हायरसला फुफ्फुस कसं तोंड देतं एवढंच बघायचंय ना, मग ए 549 पेशी का नकोत. वापरा की, पण त्या कॅन्सरमधून आलेल्या, त्यांना सिलिया (पेशीवरचे हलणारे, केसांसारखे बारीक तंतू) नसतात आणि आपण त्यांना मीडियात, म्हणजे पेशींना पोसणाऱ्या द्रवात, बुडवून ठेवतो, आणि खऱ्या श्वासनळीच्या तर वरच्या अंगाला हवा असते. एचकेयू 1 हा कोरोनाव्हायरस 2005 मध्ये सापडला तरी साध्या सेल लाइनमध्ये वाढतच नव्हता, 2010 मध्ये तो हवेवर वाढवलेल्या माणसाच्या श्वासनळीच्या पेशींमध्ये वाढला. म्हणून ही मेहनत करायची.

प्रायमरी ब्राँकियल पेशी (थेट माणसाच्या श्वासनळीतून घेतलेल्या) कमी पॅसेजच्याच, म्हणजे कमी वेळा नव्या डिशमध्ये हलवून वाढवलेल्याच घ्या, दुसरा-तिसरा उत्तम. 6.5 मिमीचे, 0.4 मायक्रॉन छिद्रांचे इन्सर्ट (तळाला सच्छिद्र पडदा, म्हणजे मेम्ब्रेन, असलेले छोटे कप) कोलॅजनने कोट करायचे आणि एकेका इन्सर्टमध्ये साधारण 50 हजार पेशी टाकायच्या. दोन-चार दिवस वर-खाली दोन्हीकडे मीडिया ठेवा, पेशी एकमेकींना नीट चिकटून सलग थर झाला की मगच वरचा मीडिया काढायचा, ह्यालाच एअरलिफ्ट म्हणतात. अर्धवट थरावर घाई केली की खालून मीडिया झिरपत राहतो आणि ती बॅच पुढे सुधारत नाही, माझ्या दोन बॅच अशाच गेल्यात. काढताना टिप मेम्ब्रेनला लावायची नाही, प्लेट तिरकी धरून कडेने हळू ओढायचं.

आता खाली डिफरन्सिएशनचा, म्हणजे पेशींना पक्व करणारा मीडिया, त्यात रेटिनॉइक ॲसिड हवंच, नाहीतर त्वचेसारखा चपटा थर तयार होतो आणि सिलिया येतच नाहीत. ते उजेडात खराब होतं म्हणून बाटलीला फॉइल गुंडाळा. सोम-बुध-शुक्र मीडिया बदलायचा आणि तीन-चार आठवडे थांबायचं, ह्याला शॉर्टकट नाही.

साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मायक्रोस्कोपखाली बघत रहा. आधी इकडेतिकडे नुसतं थरथरल्यासारखं दिसतं, आणि मग एक दिवस म्यूकस, म्हणजे आपला शेंबूडच, इन्सर्टमध्ये गोल गोल फिरायला लागतो, त्यात अडकलेल्या मेलेल्या पेशीसुद्धा त्याच्याबरोबर फिरतात. आपण श्वासातून घेतलेली धूळ आणि जंतू सिलिया असेच रोज बाहेर ढकलत असतात आणि ते डोळ्यासमोर चालू असतं, मी अजूनही अशा दिवशी सगळ्यांना हाका मारून दाखवते. म्यूकस साचला की आठवड्यातून एकदा कोमट पीबीएसने (क्षारांच्या सौम्य द्रावणाने) धुवा.

टीईईआर, म्हणजे पेशींचा थर विजेला किती अडवतो ते, मोजताना रिकाम्या इन्सर्टचं रीडिंग वजा करून 0.33 ने (इन्सर्टचं क्षेत्रफळ, चौरस सेंटिमीटरमध्ये) गुणायचं, हे विसरलेले आकडे मी प्रेझेंटेशनमध्येसुद्धा बघितलेत.

इम्यून रिस्पॉन्स बघायचा असेल तर सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, मीडियात हायड्रोकॉर्टिसोन असतं आणि ते स्टेरॉइड आहे, सूज दाबणारं. ते तसंच ठेवून पॉली आयसी (व्हायरसच्या आरएनएची नक्कल) दिलं आणि आयएल 6 (सूज वाढवणारा सायटोकाइन, म्हणजे पेशींनी इशारा म्हणून सोडलेलं प्रथिन) कमी आलं तर पेशींना दोष देऊ नका. एक-दोन दिवस आधी ते काढा, कंट्रोललाही तसंच करा. वरचं म्यूकस धुऊन मग पॉली आयसी वरूनच द्या, व्हायरस तिथूनच येतो. 24 तासांनी वरचं आणि खालचं सँपल वेगवेगळं गोळा करा, एकत्र करू नका, कारण पेशी कुठला सायटोकाइन कुठल्या बाजूला सोडतात हीच तर माहिती आहे. इंटरफेरॉन लॅम्डा (इंटरफेरॉन म्हणजे व्हायरसविरुद्धचा सायटोकाइन) नक्की मोजा, व्हायरस आला की ह्या पेशींचा मुख्य इंटरफेरॉन तोच.

आणि एकाच डोनरचे तीन इन्सर्ट म्हणजे एन 3 (तीन स्वतंत्र नमुने) नाही हो, माणूस एकच आहे. निदान तीन डोनर घ्या, रिस्पॉन्समध्ये खूप फरक पडतो. प्रत्येक बॅचमधला एक इन्सर्ट न वापरता फिक्स करा आणि ॲसिटिलेटेड ट्युब्युलिन (सिलियाची खूण) आणि एमयूसी 5 एसी (म्यूकसची खूण) ह्यांसाठी रंगवून ठेवा, रिझल्ट विचित्र आला की त्या दिवशी सिलिया खरंच होते का हे त्यावरूनच कळतं.