‘मणक्यात गॅप’ सांगितल्यानंतर: कंबरेतून पायात उतरणाऱ्या कळेचे निदान आणि उपचार

कंबर धरून दवाखान्यात गेलेला माणूस बहुतेक वेळा दोन शब्द घेऊन घरी परततो: ‘मणक्यात गॅप’. या शब्दांनी घरातले सगळे घाबरतात. वास्तविक एक्स-रेमध्ये दिसलेली गोष्ट नेमकी उलटी असते. दोन मणक्यांमधली गादी झिजून पातळ झालेली असते, म्हणजे मणक्यांमधले अंतर वाढलेले नसून कमी झालेले असते, आणि वयाच्या चाळिशीनंतर असा बदल कंबर मुळीच न दुखणाऱ्या माणसांतही सर्रास आढळतो. म्हणून पहिली पायरी अशी की फिल्म बाजूला ठेवावी आणि दुखणे नेमके कोठून कोठवर जाते, हे एका कागदावर लिहून काढावे.

केवळ कंबर दुखते की कळ कुल्ल्यातून, मांडीच्या मागून, गुडघ्याच्या खाली उतरते, हा या आजारातला सर्वांत मोलाचा प्रश्न आहे. गुडघ्याखाली, पावलापर्यंत एका रेषेत जाणारी, खोकल्याने किंवा शिंकेने चमकणारी आणि मुंग्यांसह येणारी कळ बहुधा नस दबल्याची असते. तिलाच सायटिका म्हणतात. कंबरेतील पाच मणक्यांच्या मध्ये ज्या गाद्या असतात, त्यांचे बाहेरचे कडे चिवट आणि आतला गर मऊ असतो. कडे फाटून गर मागे सरकला की शेजारून जाणारी नस दबते आणि त्या गरातील रसायनांमुळे सुजतेही. गादीचा तुकडा सरकल्याने पाय दुखतो, ही गोष्ट बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन शल्यविशारदांनी 1934 साली ठामपणे मांडली. त्याआधी या दुखण्याची कारणे भलतीकडेच शोधली जात.

पुढे जाण्यापूर्वी एका गोष्टीची खात्री करून घ्यावी, कारण तिथे तासांचा हिशेब असतो. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि त्याखाली नसांचा एक झुपका उतरतो. मोठा तुकडा सरकून हा पूर्ण झुपका दबला, तर सायकलच्या सीटला अंगाचा जो भाग टेकतो तो बधिर होतो, लघवी अडते किंवा झाल्याचे कळत नाही, शौचावरचा ताबा सुटतो आणि पुष्कळदा दोन्ही पायांत कळ येते. यांपैकी एकही लक्षण नव्याने दिसले, तर सकाळची वाट न पाहता एमआरआय आणि न्यूरोसर्जन किंवा मणक्याचे शल्यविशारद असलेले रुग्णालय गाठावे. शस्त्रक्रिया लागली तर ती जितकी लवकर, शक्यतो 48 तासांच्या आत होईल, तितका लघवीवरचा ताबा परत येण्याचा संभव अधिक. वयस्क पुरुषाची लघवी अडली की सर्वांचे लक्ष प्रोस्टेटकडे जाते, नळी घातली जाते आणि कंबरेचा प्रश्न विचारायचा राहून जातो. अशा वेळी घरच्यांनीच ‘यांची कंबर आणि पाय आठवडाभर दुखत आहेत, बसण्याची जागा बधिर आहे का ते पाहा’ असे स्पष्ट सांगावे.

दुसरी धोक्याची खूण संथ असते, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. आडवे पडूनही न थांबणारे, रात्री झोपेतून उठवणारे पाठदुखीचे दुखणे, सोबत संध्याकाळचा बारीक ताप, घटलेले वजन आणि मेलेली भूक, असे चित्र असेल तर आपल्याकडे मणक्याच्या क्षयाचा विचार आधी केला पाहिजे. त्यात एमआरआयनंतर शक्यतो सुईने नमुना काढून जीनएक्सपर्ट (क्षयाचे जंतू ओळखणारी जनुकीय चाचणी) आणि कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून पाहणे) करावे, म्हणजे कोणते औषध लागू पडेल हे कळते. अंदाजाने सुरू केलेली गोळी येथे महाग पडते. पूर्वी कर्करोग झालेला असणे, दीर्घकाळ स्टिरॉइड चालू असणे किंवा म्हातारपणी साधे पडण्याचे निमित्त होऊन पाठ धरणे, ही कारणेही तपासणी लवकर करण्यास पुरेशी आहेत.

या दोन्ही खुणा नसतील, तर पायाची ताकद घरीच पाहता येते. भिंतीचा आधार हाताशी ठेवून आधी टाचांवर दहा पावले आणि मग चवड्यांवर दहा पावले चालावे. कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी सरकली तर बहुधा कंबरेची पाचवी नस दबते: पावलाच्या वरच्या बाजूला आणि अंगठ्याकडे मुंग्या येतात, अंगठा जोर लावून वर उचलता येत नाही, टाचांवर चालताना चवडा खाली पडतो. त्याखालची गादी सरकली तर पावलाची बाहेरची कड आणि करंगळी बधिर होते आणि त्या एकाच पायाच्या चवड्यावर उभे राहता येत नाही. कंबरेतील सरकलेल्या गाद्यांपैकी बहुतेक सगळ्या याच दोन ठिकाणी असतात. पायातली चप्पल नकळत निसटून मागे राहते, असे कोणी सांगितले तर ते हसण्यावारी नेऊ नये. ताकद कमी होत असल्याची ती पहिली तक्रार असू शकते.

डॉक्टर उताणे झोपवून सरळ पाय हळूहळू वर उचलतात, तेव्हा साधारण 30 ते 70 अंशांच्या दरम्यान गुडघ्याखाली तीच ओळखीची कळ उठली तर नस दबल्याच्या निदानाला बळ मिळते. चांगला पाय उचलल्यावर दुखऱ्या पायात कळ आली, तर ती खूण अधिकच बोलकी समजावी. मात्र मांडीच्या मागचा स्नायू ताणला जाणे म्हणजे ही कळ नव्हे, आणि घरी कोणी पाय ओढून ही परीक्षा करू नये.

येथे एक फसगत होते, आणि ती शेतात बसून काम करणाऱ्यांना ठाऊक असायला हवी. बराच काळ उकिडवे बसून खुरपणी किंवा वेचणी केल्यावर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या गाठीपाशी, एक नस दबते आणि पाऊल लुळे पडते. वरून पाहता हे कंबरेच्या आजारासारखेच दिसते. फरक असा की यात कंबर दुखत नाही आणि पाऊल आतल्या बाजूला वळवण्याची ताकद शाबूत राहते. कंबरेत पाचवी नस दबली असेल तर तीही कमी होते. एवढी एक हालचाल न पाहिल्याने कंबरेचा एमआरआय होतो, त्यात वयोमानाचा काहीतरी फुगवटा सापडतो आणि उपचार चुकीच्या जागी सुरू होतो. त्याच ठिकाणी नस जाड लागली आणि कातडीवर बधिर चट्टा असला तर कुष्ठरोगाची तपासणी करावी. तो औषधांनी पूर्ण बरा होतो. दोन्ही तळपायांना सारख्या मुंग्या येत असतील तर आधी रक्तातील साखर आणि बी-12 पाहावे. चालताना पाय ताठर वाटत असतील आणि शर्टाची बटणे लावताना बोटे अडखळत असतील, तर दोष मानेत असू शकतो, आणि कंबरेच्या एमआरआयमध्ये तो दिसणारच नाही.

एमआरआय केव्हा करावा? धोक्याची खूण असेल, ताकद कमी होत असेल, किंवा सहा आठवड्यांच्या उपचारानंतरही कळ न हटल्यामुळे इंजेक्शन अथवा शस्त्रक्रियेचा विचार चालला असेल तेव्हा. अमेरिकेत 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंबरदुखी नसलेल्या 98 जणांचा एमआरआय काढला गेला. त्यांतल्या 52 टक्के लोकांत निदान एक गादी फुगलेली निघाली. म्हणून रिपोर्टमधला ‘बल्ज’ हा शब्द वाचून धास्तावू नये. डाव्या पायातली कळ आणि डाव्या बाजूला, योग्य त्याच नसेवर आलेला तुकडा, असा मेळ बसला तरच त्या चित्राला अर्थ आहे. नसांची विद्युत तपासणी, म्हणजे ईएमजी, दुखणे सुरू झाल्यावर साधारण तीन आठवड्यांनी करावी. त्याआधी सुईच्या तपासणीत नस दुखावल्याच्या खुणा उमटलेल्या नसतात.

उपचाराच्या पहिल्या सहा आठवड्यांत बहुतेकांना उतार पडतो, आणि कित्येकदा बाहेर आलेला तुकडा शरीरच हळूहळू विरघळवते. पाठीवर पडून राहण्याने काही साधत नाही: नेदरलँड्समध्ये 183 रुग्णांवर केलेल्या आणि 1999 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन आठवडे अंथरुणात राहिलेले लोक चालत्याफिरत्या लोकांपेक्षा लवकर बरे झाले नाहीत. दिवसातून चार-पाच वेळा सपाट जागेवर सोसेल तितके चालावे, एका जागी सलग बसणे अर्ध्या तासापेक्षा अधिक होऊ देऊ नये, आणि पुढे वाकून बादली किंवा सिलिंडर उचलू नये. वेदनाशामक गोळ्या मोजक्या दिवसांसाठी आणि सल्ल्यानेच घ्याव्यात; मूत्रपिंड, जठर किंवा रक्तदाबाचा त्रास असल्यास ते आधी सांगावे. प्रीगाबालिन ही गोळी सर्रास लिहिली जाते, पण ऑस्ट्रेलियातील 2017 सालच्या चाचणीत सायटिकाच्या कळेवर ती औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही आणि चक्कर मात्र अधिक जणांना आली. पट्टा प्रवासापुरता ठीक आहे, महिनोन्‌महिने नको. उसण भरल्यावर पायाळू माणसाकडून कंबरेला पाय लावून घेण्याची आपल्याकडची जुनी रीत आहे. साध्या लचकेत त्याने कोणाला बरे वाटलेही असेल, पण पायात कळ उतरत असताना कंबरेवर पाय देऊ देणे किंवा झटका मारून घेणे मी कोणालाही सुचवणार नाही.

शस्त्रक्रियेच्या नावाने पांगळे होण्याची भीती आपल्याकडे खोलवर रुजली आहे, तिच्याबद्दल नीट बोलले पाहिजे. सूक्ष्मदर्शकाखाली तीनेक सेंटिमीटरच्या छेदातून केवळ सरकलेला तुकडा काढला जातो. रुग्ण बहुधा दुसऱ्या दिवशी चालतो. कंबरेच्या खालच्या भागात मज्जारज्जू नसतो, त्यामुळे पाय कायमचे जाण्याचा धोका लोक समजतात त्याहून फार कमी आहे. पण घाईचेही कारण नाही. नेदरलँड्समधील 283 रुग्णांच्या 2007 सालच्या चाचणीत लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांची कळ लवकर थांबली, तरी वर्षअखेरीस दोन्ही गटांतले जवळपास 95 टक्के लोक बरे झाले होते. आधी शस्त्रक्रिया न करता थांबलेल्या गटातल्या 39 टक्क्यांना मात्र वर्षभरात शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. अर्थात ज्याचा पाय लुळा पडत चालला आहे, त्याला हे आकडे लागू होत नाहीत; त्याने वाट पाहू नये.

शल्यविशारदाला तीन प्रश्न विचारावेत: कोणती नस दबली आहे, माझी लक्षणे त्याच नसेची आहेत का, आणि फक्त तुकडा काढायचा आहे की मणके एकमेकांना जखडणारे स्क्रू बसवायचे आहेत. केवळ पायाची कळ असलेल्या पहिल्या वेळच्या रुग्णाला स्क्रू सुचवले, तर मणका हलतो आहे का हे विचारून दुसरे मत घ्यावे. शस्त्रक्रिया पायाच्या कळेसाठी असते. कंबरेचे जुने दुखणे तिने जाईलच असे नाही, हेही आधीच समजून घ्यावे. तुकडा निघाल्यावर कळ बहुधा पहिल्या एकदोन दिवसांत ओसरते, ताकद आठवड्यांनी आणि महिन्यांनी येते, बधिरपणा सर्वांत शेवटी जातो आणि काहींच्या बाबतीत थोडासा उरतो. सुमारे सहा आठवडे वाकून वजन उचलणे टाळावे, आणि तीच कळ त्याच रेषेत पुन्हा उतरली, जखमेतून पाणी येऊ लागले किंवा ताप आला, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दाखवायला जावे.