पहिली स्कूबा डाइव्ह: पोहणं राहू द्या, कान सांभाळा

मालवणला स्कूबा करायला निघालेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पोहता येत नाही, चालेल का? चालतं. हौशी लोकांच्या पहिल्या डाइव्हमध्ये प्रशिक्षक मागून तुमचं सिलिंडर धरतो आणि तुम्हाला फिरवून आणतो, हातपाय मारायची वेळच येत नाही. मी लहानपणापासून पोहते, पण पहिल्या डाइव्हला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. उलट पाण्याखाली गेलं की दम धरायचा, ही पोहणाऱ्यांची सवय तिथे आधी मोडावी लागते. खरं विचारायला हवं ते असं, की सध्या सर्दी तर नाही ना?

घाट उतरताना कानांना दडे बसतात, ते आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. पाण्यात तेच फार झपाट्याने होतं. दहा मीटर खाली गेलं की दाब थेट दुप्पट. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास नवख्यांना नेतात ते त्याहून बरंच उथळ पाणी असतं, म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण दाबातला फरक कानांना सगळ्यात जास्त जाणवतो तो वरच्या काही मीटरांतच. नाक चिमटीत धरायचं, तोंड मिटायचं आणि नाकातून हवा अगदी हलके ढकलायची; कानात ‘टक्’ झालं की कान मोकळा. हे दुखायला लागण्याच्या आधी, थोडं थोडं खाली जात करत राहायचं. दुखलंच तर थांबायचं, जरा वर यायचं, पुन्हा करायचं. जोर लावला तर पडद्याला इजा होऊ शकते.

हा सराव जायच्या आठवडाभर आधी घरी बसल्या बसल्या करता येतो. दोन्ही कान सारखेच मोकळे होतात का तेही तेव्हाच कळतं. माझा डावा कायम मागे राहतो. सर्दी असेल तर सरळ बेत पुढे ढकला. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरायचा सल्ला देणारे भेटतात, त्यांचं ऐकू नका. पाण्यातच गोळीचा असर ओसरला तर वर येताना आतली हवा कोंडते.

उतरण्याआधी प्रकृतीचा एक अर्ज भरून घेतात. दमा, फिट्स, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण असे प्रश्न असतात. किनाऱ्यावर उन्हात उभं राहून घाईघाईत सगळीकडे ‘नाही’ लिहिण्याचा मोह होतो. त्यापेक्षा तो अर्ज आधीच मागवून घ्या आणि एखादं उत्तर ‘हो’ येत असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

आता श्वास. पाठीवरच्या सिलिंडरला सगळे ऑक्सिजनचं सिलिंडर म्हणतात, पण त्यात आपली साधी हवाच दाबून भरलेली असते. ती रेग्युलेटरमधून, म्हणजे दातांत धरायच्या नळीच्या उपकरणातून, तोंडात येते आणि मास्कमुळे नाक बंद असतं. होडीवरचा माझा मालवणी प्रशिक्षक एवढंच म्हणाला होता, “नाक इसरान जा, तोंडान् श्वास घे.” सांगायला सोपं, पण डोकं पाण्यात गेल्यावर पहिली दोन मिनिटं शरीर ऐकत नाही. म्हणून शिडीला धरून, नुसता चेहरा पाण्यात घालून श्वास संथ होईपर्यंत थांबा. मागे रांग असली तरी थांबा.

दम मात्र कधीही धरायचा नाही, वर येताना तर मुळीच नाही. खाली छातीत भरलेली हवा वर येता येता फुगते आणि तिला वाट मिळाली नाही तर फुफ्फुस फाटू शकतं, अगदी उथळ पाण्यातसुद्धा. स्कूबातला सगळ्यात कडक नियम हाच.

मास्कमध्ये थोडं पाणी शिरतंच. मिशी असेल तर जरा जास्तच शिरतं, म्हणून हौशी मिशीवाल्यांनी मनाची तयारी ठेवावी. मास्कची वरची कड कपाळावर दाबून नाकाने जोरात हवा सोडली की पाणी खालून निघून जातं. चष्मा आत चालत नाही; नंबरचा मास्क मिळतो का ते आधी विचारून ठेवा.

खुणा होडीवरच पक्क्या करून घ्या, कारण एक खूण हमखास घोटाळा करते. आपण मजेत आहोत हे दाखवायला अंगठा वर केला, की प्रशिक्षक तुम्हाला वर घेऊन जातो. पाण्यात त्याचा अर्थ ‘वर चला’. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. त्रास असेल तर आडवा पंजा हलवायचा आणि जिथे दुखतंय तिकडे बोट दाखवायचं.

पावसाळ्यात डाइव्ह बंद असतात. ऑक्टोबर ते मे हा हंगाम, पण माझं मत विचाराल तर डिसेंबर ते फेब्रुवारीत, मधल्या वारी, सकाळी जा. मे महिन्याच्या सुट्टीत आणि जोडून आलेल्या रजांना होडीवर इतकी गर्दी असते की शिकवणं उरकलं जातं. पैसे ठरवताना फोटो आणि व्हिडिओबद्दल सगळे विचारतात. त्याऐवजी एका प्रशिक्षकाकडे एका वेळी किती जण, त्याचं प्रमाणपत्र कुठलं आणि होडीवर आणीबाणीसाठी ऑक्सिजन आहे का, हे विचारा. उत्तर द्यायला कोणी कुरकुर करत असेल तर दुसरीकडे जा, मालवणात पर्याय पुष्कळ आहेत. पुढे रीतसर कोर्स करायचा असेल तर तारकर्लीला एमटीडीसीची प्रशिक्षण संस्था आहे. त्या कोर्सला मात्र पोहता यावं लागतं.

सुरमईची थाळी डाइव्हनंतर. सकाळी हलकं खा, पण उपाशी जाऊ नका. रिकाम्या पोटी होडी जास्त लागते. आदल्या रात्री दारू नको. खाली माशांसाठी कोणी हातात पाव दिला तर घेऊ नका, आणि प्रवाळाला हात लावू नका. फोटोत सगळं निळसर दिसतं, कारण पाण्यात लाल रंग सर्वांत आधी विरतो.

परतीचा बेतही आधीच आखा. श्वासातून अंगात मुरलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो आणि त्याआधीच उंचावर, कमी दाबात गेलं तर त्याचे अंगात बुडबुडे होऊ शकतात, त्यामुळे डाइव्हनंतर 18 तास विमान टाळायचं, म्हणजे चिपी किंवा मोपाचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं. आमच्या कोल्हापूरकडचे लोक सकाळी डाइव्ह करून दुपारीच आंबोली चढायला लागतात. एका उथळ, छोट्या डाइव्हनंतर त्यात धोका फारसा नसतो, पण आंबोली जवळपास 700 मीटर उंचीवर आहे. दोन-तीन डाइव्ह केल्या असतील तर ती रात्र खालीच काढा.