खाऱ्या पाण्यातलं शिसं वेचताना

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार आणि शिसं, कॅडमियम मात्र नॅनोग्रॅममध्ये. हे पाणी थेट धातू मोजणाऱ्या यंत्रात सोडलं तर मीठच सगळा गोंधळ घालतं. म्हणून मी चेलेक्स-१०० वापरते, म्हणजे धातू पकडणाऱ्या रेझिनचे बारीक मणी. या रेझिनवरचे इमिनोडायअॅसिटेट गट खेकड्याच्या नांग्यांसारखे तांबं, निकेल, शिसं पकडतात; सोडियमकडे ते जवळजवळ ढुंकूनही बघत नाहीत.

नमुना ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळा आणि नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली ठेवा, नाहीतर धातू बाटलीलाच चिकटतात. स्तंभातून, म्हणजे रेझिन भरलेल्या नळीतून, सोडण्याआधी अमोनियम अॅसिटेट आणि अमोनियाने पीएच ५.५ च्या आसपास आणा. इथे आळस नको. आम्ल जास्त राहिलं तर नांग्या उघडतच नाहीत.

अर्धा लिटर पाणी मिनिटाला २ मिलिलिटरने सोडा. चार तास जातात. मी तेवढ्यात डबा खाऊन घेते. मग अमोनियम अॅसिटेटने धुवा, म्हणजे अडकलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम निघून जातं. शेवटी २ मोलर नायट्रिक आम्लाने धातू १० मिलिलिटरमध्ये उतरवा. झालं धातूंचं प्रमाण पन्नास पट. आम्लात रेझिन आक्रसतं, घाबरू नका.

शुद्ध पाण्याचा कोरा नमुनाही याच वाटेने न्या, म्हणजे बाहेरून शिरलेला धातू कळतो. एकदा माझ्या कोऱ्यातच जस्त भरमसाट आलं. दोन दिवस आम्लाला शिव्या घातल्या; चोर निघाले पावडरवाले हातमोजे.