इंग्रजीतील ‘बाय’ वापरताना या चुका टाळा

सोलापुरातून टॉवेल आणि चादरी परगावी व परदेशी जातात आणि त्या मालाच्या मागेपुढे कोटेशन, चलन, ईमेल अशा इंग्रजी कागदांचा राबता असतो. या कागदांत व्याकरणाच्या मोठ्या चुका सहसा नडत नाहीत, कारण वाचणारा त्या सांभाळून घेतो; नडतो तो इंग्रजीत अवघ्या दोन अक्षरांत मावणारा ‘बाय’. हा शब्द मुदत सांगतो, कर्ता सांगतो, वाहन, माप, फरक आणि जवळीकही सांगतो. मराठीत हीच कामे ‘पर्यंत’, ‘ने’, ‘कडून’, ‘जवळ’ अशा अनेकांत वाटलेली आहेत, आणि त्यांपैकी ‘पर्यंत’ व ‘ने’ यांच्याकडे ‘बाय’च्या कक्षेत न येणारी कामेही आहेत. म्हणून मराठीतला प्रत्यय पाहून इंग्रजी शब्द ठरवणे हेच बहुतेक चुकांचे मूळ ठरते.

सर्वांत महागात पडणारी चूक मुदतीची आहे. ‘शुक्रवारपर्यंत माल पाठवू’ आणि ‘शुक्रवारपर्यंत दुकान उघडे आहे’ या दोन्ही वाक्यांत आपण ‘पर्यंत’च म्हणतो, इंग्रजीत मात्र पहिल्या वाक्याला ‘बाय’ लागतो आणि दुसऱ्याला ‘टिल’ किंवा ‘अंटिल’. ‘वी विल सेंड द गुड्स टिल फ्रायडे’ असे लिहिले, तर वाचणाऱ्याला माल रोज थोडाथोडा निघत राहील आणि शुक्रवारनंतर थांबेल असे वाटू शकते. यावर सोपी कसोटी अशी की, मराठी वाक्यात ‘उशिरात उशिरा’ हे शब्द घालून पाहावेत. ‘उशिरात उशिरा शुक्रवारपर्यंत माल पाठवू’ हे वाक्य नीट चालते, म्हणून तेथे ‘बाय’. ‘उशिरात उशिरा शुक्रवारपर्यंत दुकान उघडे राहील’ हे कानाला खटकते, म्हणून तेथे ‘टिल’. सोलापुरात ज्यांच्या घरी तेलुगू बोलली जाते त्यांना या कसोटीची गरजही पडू नये, कारण ‘रेपटिकल्ला’ म्हणताना त्यांच्या भाषेने ‘उद्या उशिरात उशिरा’ हा अर्थ ‘वरकू’पासून, म्हणजे नुसत्या ‘पर्यंत’पासून, आधीच वेगळा काढलेला असतो.

‘बाय फ्रायडे’ यात शुक्रवार धरलेला असतो आणि ‘बिफोर फ्रायडे’ यात तो धरलेला नसतो, म्हणजे दुसऱ्या शब्दयोजनेत माल गुरुवारीच निघायला हवा. करारात किंवा निविदेत एका दिवसावरून वाद होण्यासारखा असेल, तर ‘ऑन ऑर बिफोर’ असे लिहून तारीख द्यावी. तसेच ‘दहा दिवसांत पाठवतो’ याचे ‘बाय टेन डेज’ होत नाही, त्यासाठी ‘विदिन टेन डेज’ आहे. ‘बाय टेन डेज’ ही शब्दयोजना इंग्रजीत आहे, परंतु ती उशीर मोजण्यासाठी: ‘द शिपमेंट इज डिलेड बाय टेन डेज’ म्हणजे माल ठरल्यापेक्षा दहा दिवस मागे पडला. मुदत कळवण्यासाठी लिहिलेल्या वाक्यात विलंबाचे शब्द येऊन बसणे व्यापारात परवडणारे नाही.

नकारार्थी वाक्यात तर ‘बाय’ आणि ‘अंटिल’ या दोन शब्दांनी अर्थ पार बदलतो. ‘यू विल नॉट गेट द सॅम्पल्स अंटिल फ्रायडे’ म्हणजे शुक्रवार उजाडेपर्यंत नमुने मिळणार नाहीत, त्यानंतर मिळतील. ‘यू विल नॉट गेट द सॅम्पल्स बाय फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारची मुदत हुकणार आहे, आणि पुढे कधी मिळतील याबद्दल पत्र काहीच बोलत नाही. मराठीत दोन्ही ठिकाणी आपण ‘शुक्रवारपर्यंत मिळणार नाहीत’ असेच म्हणू आणि बाकीचे काम आवाजाच्या चढउताराने भागवू. लेखी इंग्रजीला ती सोय नाही. पहिले वाक्य वाचून ग्राहक थांबतो, दुसरे वाचून तो दुसरा पुरवठादार शोधू लागतो.

वेळेशी संबंधित आणखी दोन ठिकाणे लक्षात ठेवावीत. ‘पाचच्या सुमारास येतो’ याला ‘बाय फाइव्ह’ म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. ऐकणारा मात्र पाचच्या आत येणार असे धरून बसतो. सुमारासाठी ‘अराउंड’ वापरावा. दुसरे म्हणजे ‘बाय द टाइम’. ‘आम्ही स्टेशनवर पोहोचेपर्यंत हुतात्मा एक्स्प्रेस सुटली होती’ येथे ‘बाय द टाइम’ हवा, तर ‘मी पोहोचेपर्यंत थांबा’ येथे ‘टिल’ हवा. शाळेत डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवर निबंध लिहिताना मुलांची गफलत नेमकी येथेच होते. सोलापुरात १९१० साली जन्मलेले डॉक्टर १९४२ मध्ये मृत्यू येईपर्यंत चीनमध्ये काम करीत राहिले, हे ‘अंटिल’ने सांगायचे, देश स्वतंत्र होईपर्यंत त्यांना जाऊन चार वर्षे उलटली होती, हे ‘बाय द टाइम’ने सांगायचे.

आता ‘ने’कडे वळू. ‘कारागिराने धोट्याने चादर विणली’ या वाक्यात करणारा आणि साधन या दोघांनाही एकच प्रत्यय लागला आहे. इंग्रजी कर्मणी वाक्यात कारागिरासाठी ‘बाय’ आणि हातात धरायच्या साधनासाठी ‘विथ’ येतो. म्हणून ‘साइन्ड बाय द मॅनेजर’ बरोबर आणि ‘साइन्ड बाय ब्लू पेन’ चूक. यंत्रमागासाठी ‘ऑन अ पॉवरलूम’, हातमागाच्या कामासाठी ‘बाय हँड’ किंवा ‘ऑन अ हँडलूम’ आणि सुतासाठी ‘मेड ऑफ कॉटन’ असे लिहावे. ‘मेड बाय कॉटन’ या शब्दांचा सरळ अर्थ कापसाने स्वतः बसून टॉवेल विणला असा होतो, आणि तरीही ही शब्दयोजना छापील लेबलवर दिसते.

दरपत्रकात ‘ने’ निराळ्या रूपाने फसवतो. ‘दर तीस रुपयांनी वाढला’ म्हणजे ‘इनक्रीज्ड बाय ३०’ आणि ‘दर साडेतीनशेवर गेला’ म्हणजे ‘इनक्रीज्ड टू ३५०’. ३२० रुपयांचा नग ३५० रुपयांना करायचा आहे आणि पत्रात ‘इनक्रीज्ड बाय ३५०’ पडले, तर समोरचा तो नग ६७० रुपयांचा झाला असे वाचणार. येथे पत्र पाठवण्याआधी जुना आकडा, नवा आकडा आणि फरक असे तिन्ही लिहावेत. मग चुकीचा शब्द पडला तरी आकडे त्याला उघडे पाडतात.

मापातला ‘बाय’ आपल्या सर्वांत ओळखीचा आहे. तीस बाय साठचा टॉवेल, साठ बाय नव्वदची चादर हे बोलताना कोणी अडखळत नाही. अडचण येते ती आपण तिरप्या रेघेलाही ‘बाय’ म्हणतो म्हणून. शाळेत पाऊण हा अपूर्णांक ‘थ्री बाय फोर’ असा वाचायला शिकवतात, घरांचे क्रमांकही तसेच वाचले जातात; परंतु भारताबाहेरच्या माणसाला ‘थ्री बाय फोर’ ऐकताच तीन गुणिले चार असा आयत डोळ्यांपुढे येतो. फोनवर काठाची रुंदी सांगताना ‘थ्री क्वार्टर्स ऑफ ॲन इंच’ असे म्हणावे. २/२० हा सुताचा काउंट, म्हणजे वीस नंबरचे दोन पदरी सूत, फोनवर ‘टू बाय ट्वेंटी’ म्हणून सांगू नये, ‘टू-प्लाय ट्वेंटीज’ म्हणावे. लांबी-रुंदीपैकी काय आधी आणि एकक इंच की सेंटिमीटर, हेही लिहिलेले बरे. रुंदी आधी सांगण्याचा प्रघात समोरच्याला ठाऊक असेलच असे नाही.

विक्रीच्या आणि मजुरीच्या ‘बाय’ला पुढे ‘द’ लागतो: टॉवेल ‘बाय द डझन’, शेंगाचटणी ‘बाय द किलो’, नगावर मजुरी ‘बाय द पीस’. वजनाबद्दल मोघम बोलायचे असेल तेव्हा मात्र नुसते ‘बाय वेट’. वाहनाच्या बाबतीत नेमके उलटे आहे: ‘बाय ट्रेन’, ‘बाय बस’ यांत मध्ये काही येत नाही, आणि ‘माय’ किंवा ‘द’ घालायचा झाला की ‘बाय’ जाऊन ‘ऑन माय बाइक’, ‘इन द कार’ होते. ‘बाय वॉक’ असे काही नाही. चालत जाणे म्हणजे ‘ऑन फूट’. पाठ करण्याला ‘बाय हार्ट केले’ म्हणणे मराठी बोलण्यात खपते, परंतु इंग्रजीत आधी ‘लर्न’ लागतोच.

‘जवळ’ या अर्थाने हा शब्द फार थोडे अंतर मोजतो. भुईकोट किल्ला सिद्धेश्वर तलावालगत आहे, म्हणून तो ‘बाय द लेक’. अक्कलकोट सोलापूरजवळ असले तरी ते ‘बाय सोलापूर’ नव्हे, ‘निअर सोलापूर’.

या शब्दाने उलट वाटेने मराठीतही शिरकाव केला आहे. ‘आयुक्तांनी पाहणी केली’ एवढे पुरत असताना ‘आयुक्तांद्वारे पाहणी करण्यात आली’ असे लिहिले जाते, आणि ही सवय मला ‘बाय’च्या चुकीइतकीच खटकते, कारण ‘द्वारे’ हा माध्यमासाठीचा शब्द आहे: टपालाद्वारे, बँकेद्वारे.

राहिला प्रश्न स्पेलिंगचा. देवनागरीत ‘बाय’ एकच दिसतो, इंग्रजीत मात्र तो तीन शब्दांचा उच्चार आहे. खरेदीचा ‘बाय’ बी-यू-वाय, निरोपाचा बी-वाय-ई आणि या लेखातला नुसता बी-वाय. क्रिकेटमधल्या धावेचा ‘बाय’ निरोपाच्या ‘बाय’सारखा लिहितात, पण त्याचे नाते चेंडू फलंदाजाच्या बाजूने निघून जाण्याशी, म्हणजे बी-वायशीच आहे. दुकानाच्या पाटीवर ‘बाय वन गेट वन’ लिहिताना मधला ‘यू’ गळला, तर संगणकाचा स्पेलचेकरही बहुधा गप्प बसतो, कारण बी-वाय हाही त्याच्या लेखी शुद्ध शब्दच असतो. असे शब्द छपाईआधी माणसानेच एकदा वाचून घ्यावे लागतात.