टेबलटॉप आरपीजीसाठी कोसळलेलं जग उभं करताना

टेबलटॉप आरपीजी म्हणजे टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एका पात्राची भूमिका घेऊन खेळायचा खेळ. त्यासाठी नकाशा काढायला घेण्याआधी एक आकडा ठरवा: जग कोसळून किती वर्षं झाली? ते कशामुळे कोसळलं हे नंतर ठरवलं तरी चालतं. पात्रांना ते धड माहीत नसलं तर उत्तमच. वर्षांचा आकडा मात्र गेम मास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, पक्का हवा. गोदामात काय सापडेल, रस्ता कितपत शाबूत आहे, म्हाताऱ्यांना काय आठवतं, हे सगळं त्यावरून ठरतं.

२ वर्षं झाली असतील तर डबाबंद अन्न बरंचसं खाण्याजोगं असतं, पण साठवलेलं पेट्रोल जवळपास कामातून गेलेलं असतं. ते सहा महिने ते वर्षभरात बिघडायला लागतं. २० वर्षांनी टायर तडकलेले, छपरं बसलेली, डांबर फोडून झाडं वर आलेली. ७० वर्षांनी जुनं जग डोळ्यांनी पाहिलेलं क्वचितच कोणी उरतं. मग लिफ्ट कशासाठी होती, यावर प्रत्येक वस्तीची वेगळी समजूत असते. अशा दोन-तीन समजुती लिहून ठेवा, संवादांना फार उपयोगी पडतात.

नवे गेम मास्टर बहुतेक इथेच चुकतात. ५० वर्षांनंतरही टोळ्या मोटारसायकलींवर फिरतात आणि गोळ्या मात्र सगळ्या निकामी झालेल्या. खरं तर कोरड्या जागी ठेवलेली काडतुसं दशकानुदशकं टिकतात, इंधन टिकत नाही. गाड्या हव्याच असतील तर इंधन कोण बनवतं ते आधी ठरवा. दुसऱ्या महायुद्धात युरोपात लाकडापासून मिळणाऱ्या वायूवर लाखो वाहनं चालत होती. एवढ्या एका गोष्टीतून लाकूडतोडे, भट्टीवाले आणि जंगलावर पहारा देणारे, अशी अख्खी वस्ती उभी राहते.

अणुस्फोट असेल तर एक ढोबळ नियम लक्षात ठेवा: वेळ सातपट झाला की किरणोत्साराची तीव्रता एक दशांशावर येते. पहिल्या तासाच्या मानाने ७ तासांनी दहावा हिस्सा, ४९ तासांनी शंभरावा, साधारण २ आठवड्यांनी हजारावा. म्हणून पहिल्या पंधरवड्यात तळघरातून बाहेर पडावं की नाही, हाच खेळ होतो.

मग टंचाई निवडा. एक किंवा दोनच, जास्त नाहीत. सगळंच दुर्मिळ केलं की खेळाडू हिशेबाच्या वहीत अडकतात. पाणी सर्वांत कसदार, कारण ते जड असतं. माणशी रोज ३ लिटर धरा. ५ जणांना ४ दिवसांसाठी ६० लिटर, म्हणजे ६० किलो. आता हत्यार सोडायचं की पाणी, हा प्रश्न तुम्हाला विचारावा लागत नाही.

लिटर मोजत बसायचं नसेल तर उतरता फासा वापरा. पाण्याला आठ बाजूंचा फासा द्या. पाणी वापरलं की तो टाका. १ किंवा २ पडला तर तो सहा बाजूंचा होतो, मग चार बाजूंचा, मग साठा संपला. आठपासून सुरुवात केली तर सरासरी ९ वापर मिळतात, सहापासून ५. दुष्काळी प्रदेशात सहापासूनच सुरू करा.

नकाशा एका कागदावर मावेल एवढाच. त्यावर १० किलोमीटरचे षटकोन आखा; ओझ्यासह पात्रं दिवसाला दोन ओलांडतात. पाण्याच्या जागा एकमेकींपासून तीन-चार षटकोनांवर ठेवा, म्हणजे वाटेत एक मुक्काम उघड्यावर पडतोच.

गट तीन पुरेत, पण प्रत्येकाकडे दुसऱ्याला हवं असलेलं काहीतरी असू द्या. विहीरवाल्यांना औषधं हवीत, औषधं करणाऱ्यांना बियाणं, बियाणेवाल्यांना पाणी. निव्वळ लुटारूंचा गट टाळा. लुटायला काहीच उरलं नाही तर ते काय खातात, याचं उत्तर सहसा नसतं. प्रत्येक गटासाठी ६ घरांची पट्टी काढा आणि खेळातल्या दर आठवड्याला एक घर भरा. पट्टी भरली की त्यांनी ठरवलेलं घडतं, पात्रं तिथे असोत वा नसोत.

खेळायला बसण्याआधी उपासमार, लहान मुलांचे मृत्यू, गुलामी यांपैकी टेबलावर काय नको ते प्रत्येकाला विचारून घ्या. या प्रकारच्या जगात हे विषय आपोआप येतात.

दोन सत्रांनंतर फासे तपासा. कुणाचाच पाण्याचा फासा उतरला नसेल तर पाण्याच्या जागा आणखी एका षटकोनाने लांब करा. सगळे सतत कोरडे पडत असतील तर गंजलेली एक टाकी मध्येच ठेवा, पण तिच्यावर आधीच कोणाचा तरी हक्क असू द्या.